झाड हिरवें, पण फूल नाहीं

मोगरा चांगला कमरेइतका वाढला आहे, पानें हिरवींगार आहेत, सकाळ-संध्याकाळ न चुकतां पाणी घातलें जातें, आणि तरी दोन वर्षांत मोजून चार कळ्याही आल्या नाहींत, ही तक्रार सुशिक्षित घरांतील गृहिणींच्या तोंडून जितक्या वेळां ऐकूं येते तितकी फुलझाडांविषयींची दुसरी कोणतीही तक्रार ऐकूं येत नसेल. तक्रार करणारीची समजूत बहुधा अशी असते कीं, झाडाला कांहीं तरी कमी पडत आहे. मग शेजारीण चहाचा चोथा सुचविते, दिवाणखान्यांतले पाहुणे युरिया सुचवितात, आणि हे सर्व उपचार झाल्यावर झाड आणखी हिरवें होतें, आणखी पसरतें; फूल मात्र येत नाहीं तें नाहींच.

या तक्रारीचें उत्तर आमच्या वसईच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या व्यवहारांत आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर, त्या झाडाला कमी असें कांहींच पडलेलें नाहीं. त्याला सर्व कांहीं फार झालें आहे. विधान ऐकावयास विपरीत वाटतें खरें, म्हणूनच तें सविस्तर मांडण्याचा येथें विचार आहे.

वसई म्हटलें कीं बाहेरच्या वाचकांस चिमाजीअप्पांचा १७३९ सालचा विजय आणि समुद्रकांठचा तो भग्न किल्ला आठवतो. परंतु किल्ल्याच्या उत्तरेस, आगगाडीचा रस्ता आणि समुद्र यांच्या दरम्यान, पापडी, गास, गिरिज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी अर्नाळ्यापर्यंत जी पट्टी पसरली आहे, तिचें वैभव वाड्यांचें होतें व कांहीं अंशीं अजूनही आहे. वाळूमिश्रित भुसभुशीत जमीन, हाताशीं लागणारें गोडें पाणी, पावसाचें पाणी सांठवून जमिनींत मुरविणारीं बावखलें, आणि पूर्वीं विहिरीविहिरीवर बैलांच्या पावलांबरोबर कुरकुरणारे रहाट. रहाट गेले व पंप आले. केळीं, पानवेली, भाजीपाला यांच्या मधल्या जागेंत वाडवळ, सामवेदी व ख्रिस्ती कुटुंबांनीं मोगरा, जाई, जुई, कागडा, सोनचाफा, तगर, अबोली, जास्वंद जोपासलीं. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीं सुरू झाली, आणि पहांटे खुडलेली कळी दादरच्या बाजारांत दिवस वर येण्यापूर्वीं पोहोंचविणें सोपें झालें. करंड्या व गांठोडीं घेऊन पहिल्या लोकलच्या लगेजच्या डब्यांत चढणाऱ्या बायका ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना मुंबईच्या देवघरांतील फूल कोठून येतें हें वेगळें सांगावयास नको.

ज्यांचें पोट फुलावर अवलंबून आहे, त्यांना झाड हिरवें आहे एवढ्यानें समाधान मानून चालत नाहीं. यासाठीं मोगऱ्याविषयीं कांहीं विचारावयाचें असल्यास तें त्यांना विचारावें.

वाडींतील मोगऱ्याचें वर्ष कार्तिकापासून मोजावें लागतें. पावसाची ओल उतरली, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास, वाडीवाला मोगऱ्याचें पाणी तोडतो. आळ्यांतील माती खुरप्यानें हलवून ठेवतो आणि महिनाभर, कधीं सव्वा महिना, झाडाकडे पाठ फिरवितो. पानें मलूल होतात, पुष्कळशीं पिवळीं पडून गळतात. नवख्याला वाटावें कीं झाड आतां गेलें. याला 'ताण देणें' म्हणतात. ताण पुरा झाला कीं पौषांत छाटणी. जमिनीपासून सुमारें हातभर उंची राखून सर्व झुडूप सपाट कापतात. वाळक्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळाशीं काढून टाकतात. मग आळें भरून जुनें शेणखत, थोडी पेंड, आणि पहिलें भरपूर पाणी. पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक कापल्या टोकाखालून दोन-तीन कोंवळे फुटवे निघतात, आणि फाल्गुन लागतां लागतां प्रत्येक फुटव्याच्या शेंड्याशीं तीन-तीन कळ्यांचा झुबका दिसूं लागतो. तेथून मृगापर्यंत बहरामागून बहर.

माझा एक जुना विद्यार्थी गिरिजेकडे वाडी करतो. पौषांतील त्या छाटलेल्या खुंटांकडे मी पाहत उभा असतां तो म्हणाला, "गुरुजी, झाड सुखांत असलं कीं पान काढतं, भ्यालं म्हणजे फूल काढतं." वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेंत हें उत्तर कोणी लिहिलें तर पुरे गुण मिळावयाचे नाहींत, कारण झाडाला भय असतें असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं. पण त्या वाक्यांत जें निरीक्षण आहे तें खरें आहे आणि त्याची उपपत्तिही देतां येते.

मोगऱ्याचें फूल जुन्या लाकडावर येत नाहीं. तें नव्या फुटव्याच्या टोंकाशीं येतें. म्हणून जितके फुटवे अधिक, तितके झुबके अधिक. प्रत्येक फांदीच्या शेंड्याच्या कोंबांत 'ऑक्सिन' नांवाचें एक द्रव्य तयार होतें, आणि तें खालीं उतरतांना बगलेंतील डोळ्यांना निजवून ठेवतें. शेंडा राज्य करतो तोंवर खालचे डोळे उठत नाहींत. शेंडा कापला कीं हें दडपण नाहींसें होतें व निजलेले डोळे एकदम जागे होतात. ही छाटणीची गोष्ट झाली. ताणाचें काम त्याआधींचें आहे. पाणी मिळत असतां झाड तयार केलेलें अन्न नव्या पानांत व नव्या काठींत खर्चून टाकतें. पाणी तुटलें कीं वाढ थांबते, परंतु उन्हांत पानें कांहीं काळ काम करीतच असतात. तेव्हां तें अन्न पिठूळ रूपानें फांद्यांत व मुळांत सांठतें. पुढें एकाच वेळीं शेंकडों कळ्या पोसावयाच्या तर ही शिल्लक लागते. ज्या घरीं बारा महिने सकाळ-संध्याकाळ पाणी आणि महिन्याला युरिया, त्या घरच्या झाडाची शिल्लक कधीं पडतच नाहीं. युरियांत आहे तो नत्र, आणि नत्र हें मुख्यतः पानाचें खाद्य. आलेला पैसा महिन्याच्या महिन्याला उडविणाऱ्या गृहस्थाच्या घरीं कार्य कसें निघावें?

संस्कृत वाचलेल्या वाचकांस येथें 'दोहद' आठवेल. अशोकाला तरुणीच्या पायाचा प्रहार झाल्यावांचून आणि बकुळीला तिच्या मुखांतील मद्याची चूळ मिळाल्यावांचून फूल येत नाहीं, असा कवींचा संकेत आहे. 'मालविकाग्निमित्रा'चा सारा तिसरा अंक या एका लाथेवर उभा आहे: झोपाळ्यावरून पडून राणी धारिणीचा पाय दुखावतो, म्हणून तिच्या ऐवजीं मालविकेला अशोकाचें दोहद पुरवावयास पाठविलें जातें, आणि पुढें जें व्हावयाचें तें होतें. हा संकेत आमच्या वर्गांतील मुलांना नेहमीं हास्यास्पद वाटे, आणि लाथेनें अशोक फुलतो असें मीही म्हणत नाहीं. परंतु नुसत्या लाडानें झाड फुलत नाहीं, त्याला कांहीं एका आघाताची व खंडाची अपेक्षा असते, हें त्या काळच्या माळ्यांनीं पाहिलें असावें व कवींनीं तें आपल्या रीतीनें सजविलें असावें, असें मला वाटतें. वराहमिहिराची दृष्टि याहून व्यवहारी. 'बृहत्संहितें'त वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे, व त्यांत झाडाच्या रोगाचीं लक्षणें म्हणून पानें फिकट पडणें, पालवीची वाढ खुंटणें, फांद्या वाळणें आणि रस गळणें हीं सांगितलीं आहेत. सहाव्या शतकांतील ही यादी आज गच्चीवरील कुंडीपुढें उभें राहून ताडून पाहावी, उपयोगी पडते.

आतां घरच्या कुंडीविषयीं. ज्यांना वाडी नाहीं, अंगण नाहीं, चौथ्या मजल्यावरचा सज्जा तेवढा आहे, त्यांनाही हें सर्व करतां येतें. मात्र प्रमाण बदलावें लागतें. मोगऱ्याला बारा ते चौदा इंच तोंडाची कुंडी हवी, तळाला भोंक मोकळें हवें, आणि रोज निदान पांच-सहा तास खरें ऊन हवें. 'उजेड पुष्कळ येतो' असें सांगितलें जातें तेव्हां ऊन येत नाहीं असें समजावें. उन्हावांचून ताण व छाटणी दोन्ही व्यर्थ, कारण सांठवावयाचें अन्नच तयार होत नाहीं. कुंडींतील माती थोडी असल्यानें वाडींतल्यासारखा महिनाभर कोरडा ताण देऊं नये, रोप मरेल. डिसेंबरांत पाणी हळूहळू कमी करीत आणावें, पानें मलूल दिसलीं म्हणजे पेलाभर द्यावें, आणि असें तीन आठवडे चालवावें. मग धारदार कात्रीनें निम्में झाड कापावें. येथें बहुतेक गृहिणींचा हात अडखळतो. ज्या झाडाला लेकरासारखें वाढविलें त्यावर कात्री कशी चालवावी, असें एका बाईंनीं मला विचारलें होतें. लेकराचे केंस कापतांच ना, असें मीं त्यांना म्हटलें. त्यांनीं झाड कापलें कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं.

छाटणीनंतर वरची दोन-तीन इंच माती काढून तिच्या जागीं जुनें शेणखत व मूठभर निंबोळी पेंड घालावी आणि नियमित पाणी सुरू करावें. पहिला बहर ओसरल्यावर फुलून गेलेलीं टोंकें दोन-दोन पानांसकट खुडलीं कीं खालून पुन्हां फुटवे येतात. कळ्या उमलण्यापूर्वींच जांभळट पडूं लागल्या तर आंत बारीक अळी आहे असें समजावें. अशा कळ्या तोडून दूर टाकाव्या, झाडाखालीं टाकूं नयेत. नवीं पानें पिवळीं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर तें लोहाच्या उणिवेचें चिन्ह. नळाचें पाणी जड असलें म्हणजे असें पुष्कळदां होतें. एका लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्यांतून एकदां पानांवर फवारावा.

मोगऱ्याची दुसरी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. बाजारांत जातें तें फूल नसतें, कळी असते. ती पहांटे, टपोरी पांढरी झाली असतां पण मिटलेली असतां, खुडावी लागते; त्या वेळीं तिला म्हणण्यासारखा वास नसतो. तीच कळी संध्याकाळीं गजऱ्यांत उमलते आणि उमलतांना वास सोडते. म्हणजे सकाळच्या पूजेला हवें असलेलें मोगऱ्याचें फूल हें खरें म्हटलें तर आदल्या रात्रीचें फूल होय. असें कां व्हावें? पांढरा रंग, लांब नळी, आणि सूर्य मावळल्यावर सुटणारा दरवळ, हीं तिन्ही चिन्हें एकाच पाहुण्यासाठीं आहेत, आणि तो पाहुणा म्हणजे रात्रीं उडणारा पतंग. अंधारांत लाल-निळा रंग काय कामाचा? पांढरें दिसतें आणि वास वाट दाखवितो. जास्वंदीचें याच्या उलट: ती दिवसा उघडते, रंगानें पांखराला बोलावते, म्हणून तिला वासाची गरज पडली नाहीं. दोन्ही फुलें आपण एकाच तबकांत ठेवतों, पण त्यांचा पाहुणचार दोन वेगळ्या वेळीं वेगळ्या अतिथींसाठीं मांडलेला आहे. चीनमध्यें या रात्रीं उमलण्याचा व्यापारी उपयोग करतात. चहाच्या पत्तींत मोगऱ्याच्या कळ्या मिसळून रात्रभर ठेवतात. कळी चहाच्या ढिगांत उमलते व तिचा वास पत्ती शोषून घेते.

युरोपांत वनस्पतींना लॅटिन नांवें देण्याची पद्धत ज्यानें घालून दिली त्या लिनीअसनें १७५३ सालीं आपला मोगरा आणि आपला पारिजातक हे दोन्ही 'निक्टँथिस' म्हणजे 'रात्रीचें फूल' या एकाच नांवाखालीं घातले होते. १७८९ सालीं एटन यानें मोगरा तेथून काढून जाईजुईंच्या पंक्तीला बसविला. पारिजातक अजून त्या नांवाला धरून आहे, तथापि दोघेही ऑलिव्हच्या मोठ्या कुळांतले भाऊबंद म्हणूनच गणले जातात.

आपल्या बागेंतील मोगरा बहुधा दुहेरी किंवा बटमोगरा असतो. त्याच्या जास्तीच्या पाकळ्या म्हणजे रूप बदललेले पुंकेसर होत. पुंकेसरांच्या पाकळ्या झाल्या, मग परागाचें काय उरलें? त्यामुळें त्याला बीं बहुधा धरतच नाहीं. पतंगासाठीं मांडलेला सगळा थाट तसाच चालू आहे, पण आंत यजमानाचें काम बंद. अशा झाडाचा वंश माणसाच्या हातानेंच चालतो. वसईंतल्या एखाद्या वाडींतला बटमोगरा हा कोणा तरी आजीनें दाबलेल्या फांदीचा, ती फांदी तिच्या सासूनें दाबलेल्या फांदीची, असा अखंड एकच जीव असूं शकतो. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचा उपयोग पुढें आहे.

सोनचाफ्याविषयीं कवींची एक जुनी तक्रार आहे कीं, रूप, रंग व गंध असूनही भुंगा त्याच्याकडे फिरकत नाहीं. सुभाषितकारांनीं यावरून गुणी माणसाच्या उपेक्षेचें रूपक पुष्कळ राबविलें. वस्तुतः चाफ्याच्या कुळांतील फुलें मधमाशीच्या जमान्यापेक्षां जुन्या घाटणीचीं आहेत. सुमारें दहा कोटी वर्षांपूर्वींच्या खडकांत या घाटणीच्या फुलांच्या खुणा सांपडतात. हीं फुलें मध देत नाहींत. तीं मुख्यतः परागासाठीं येणाऱ्या भुंगेऱ्यांवर, म्हणजे कठीण पाठीच्या किड्यांवर, विसंबून राहिलेलीं आहेत. पाकळ्या जाड असतात त्या या आडदांड पाहुण्याचें चावणें-तुडविणें सोसण्यासाठीं असाव्यात असें शास्त्रज्ञ मानतात. तेव्हां भुंगा आला नाहीं तर त्यांत चाफ्याचा अपमान कांहीं झाला नाहीं. त्याचें आमंत्रणच भुंगेऱ्याला होतें.

चाफा लावतांना बियांचें रोप घ्यावें कीं कलम, हा प्रश्न नेहमीं येतो. कलम घ्यावें. बियांचें झाड सात-आठ वर्षें वाट पाहावयास लावतें आणि तोंवर माडासारखें उंच जातें; फूल आलें तरी हाताला लागत नाहीं. कलम वर्षा-दोन वर्षांत फुलतें व छाटून बुटकें ठेवतां येतें. याचें कारण सोपें आहे. झाडालाही बाल्य असतें, आणि बाल्यांत त्याला ताण द्या, छाटा, कांहीं करा, फूल येत नाहीं. कलमाची काडी फुलत्या झाडावरून घेतलेली असते. तिचें बाल्य तिकडेच संपलेलें असतें. नव्या मुळांवर ती बसते तेव्हां वय बरोबर घेऊन येते.

शेवंतीचा हिशोब तिसराच आहे, आणि नव्या वस्तींतील घरांनीं तो अवश्य जाणावा, कारण तेथें तिची हमखास फसगत होते. शेवंती रात्र मोजते. रात्र ठराविक मर्यादेपेक्षां लांबली म्हणजेच तिला कळी धरते. आमच्या अक्षांशावर ज्येष्ठांतला मोठ्यांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, आणि मार्गशीर्ष-पौषांतला लहानांत लहान अकरा तासांचा. फरक काय तो सव्वादोन तासांचा, पण तेवढ्यावरून झाडाला ऋतु कळतो. अमेरिकेंत गार्नर व ॲलर्ड या दोघांनीं १९२० सालीं हें तंबाखू, सोयाबीन इत्यादि पिकांवर प्रयोग करून दाखविलें. पुढें रशियांत चैलाख्यान यानें शेवंतीवरच प्रयोग करून असें सिद्ध केलें कीं, रात्रीची लांबी पान ओळखतें व तेथून कांहीं तरी निरोप शेंड्याकडे जातो. त्या निरोप्याला त्यानें 'फ्लोरिजेन' असें नांव दिलें. पण तो प्रत्यक्ष हातीं लागावयास २००७ साल उजाडावें लागलें. तो एक प्रथिनाचा कण निघाला.

याचा व्यवहारांतला अर्थ असा: आपली शेवंतीची कुंडी सज्जांत, रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतांत असेल, तर तिच्या दृष्टीनें रात्र झालेलीच नाहीं. खत, पाणी, ऊन सर्व योग्य असूनही ती दिवाळीनंतर हिरवीच्या हिरवी राहील. मध्यरात्रीं थोडा वेळ लागलेला दिवादेखील लांब रात्रीचे दोन तुकडे करतो, आणि मग ती झाडाच्या लेखीं लांब रात्र राहत नाहीं. ज्यांना बाजारांत फूल उशिरा न्यावयाचें असतें ते बागवाले तर मुद्दाम असे दिवे लावतात. उपाय एकच, गणेशोत्सव आटोपल्यापासून ती कुंडी रात्रीं खरोखर अंधार असेल अशा बाजूला ठेवावी. जागा नसल्यास सूर्यास्तापासून सकाळपर्यंत वर काळ्या कापडाची टोपी घालावी. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या कीं टोपीची गरज उरत नाहीं.

मेघदूतांतल्या अलकानगरींत सहाही ऋतूंचीं फुलें स्त्रियांच्या अंगावर एकाच वेळीं शोभतात. हातांत कमळ, केसांत कुंद, कानांत शिरीष. दादरच्या फूलबाजाराला आजकाल जवळजवळ अलकेची कळा आली आहे, इतकें दूरदूरचें फूल शीतपेटींतून तेथें येऊन पडतें. घरच्या बागेला मात्र ऋतूचा कायदा चुकत नाहीं, आणि चुकूं नये. हिवाळ्यांत मोगरा निजला असतां कुंदाच्या जवळचा कागडा फुलतो. त्याला वास बेताचाच, पण तो वेणीची जागा भरून काढतो. उन्हाळ्यांत मोगरा, पावसांत जाई-जुई. दहा कुंड्यांत बारा महिने देवाला घरचें फूल मिळतें, मात्र त्या दहा एकाच जातीच्या नसाव्यात.

आतां ज्या वाड्यांवरून ही विद्या घ्यावयाची, त्यांची स्थिति. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला. इमारती त्यापूर्वींच उभ्या राहूं लागल्या होत्या. जमीन बिनशेती झाली म्हणजे वाडी गेली, हें तर उघड दिसतें. न दिसणारें नुकसान विहिरींत झालें. समुद्रकांठच्या वाळूंत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, आणि त्याचा हिशोब असा आहे कीं, समुद्रपातळीच्या वर जर एक फूट गोडें पाणी असेल तर पातळीखालीं त्याचा सुमारें ४० फूट थर टिकतो. अर्थात् वरचें एक फूट उपसलें कीं खालून ४० फूट खारें पाणी वर सरकावयास मोकळें. विहिरींवर पंप बसवून टँकरच्या टँकर नव्या वसाहतींना पुरविले गेले, बावखलें भरावानें बुजलीं, आणि वरचें तें एक फूट भरून यावयाचें राहिलें. मोगरा पाण्याचा ताण सोसतो, किंबहुना मागतो. मिठाचा ताण तो सोसत नाहीं. पानांच्या कडा करपतात, फुटवा येतो तो खुरटा, आणि मग कितीही कुशल हाताची छाटणी झाली तरी झुबका धरत नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२४ सालीं निवर्तले, त्यांनीं 'हरित वसई'ची चळवळ चालविली ती नुसत्या झाडांच्या शोभेसाठीं नव्हती. पाणी हेंच तिचें मूळ होतें. बावखलें बुजवूं नयेत हें म्हणणें कित्येकांना जुन्या लोकांचा हट्ट वाटला. ४० फुटांचा वरील हिशोब पाहिल्यावर तो हट्ट कीं शहाणपण हें वाचकांनींच ठरवावें.

वाडी विकली जाते तेव्हां आंब्या-माडांची मोजदाद होते व त्यांचा पैसा मिळतो. मोगऱ्याच्या झुडपांची गणती कोणी करीत नाहीं. यंत्र येतें आणि दोन तासांत सगळें सपाट. वर सांगितलेंच आहे कीं बटमोगऱ्याला बीं नाहीं. तेव्हां जें झुडूप उपटलें तें संपलें, त्याचें बीज कोठें पडून राहणार नाहीं. म्हणून आमच्या भागांतील कांहीं घरांनीं अलीकडे एक चांगली रीत धरली आहे. ओळखीची वाडी जाणार असें कळलें कीं पावसाळ्यांत तेथें जाऊन मालकाच्या परवानगीनें फांद्या दाबून ठेवावयाच्या. मालक नाहीं म्हणत नाहींत. बहुतेकांना बरेंच वाटतें. ज्या वाचकांना हें करावयाचें असेल त्यांच्यासाठीं कृति देतों.

आषाढांत, जमीन चांगली भिजल्यावर, एक वर्षाची, पेन्सिलीएवढी जाड, जमिनीकडे वांकेल अशी फांदी निवडावी. शेंड्यापासून वीतभर मागें एका डोळ्याच्या लगेच खालीं चाकूनें तिरपा काप द्यावा, फांदीच्या निम्म्या जाडीपर्यंत, अधिक नाहीं. कापांत काडीचा बारीक तुकडा अडकवावा म्हणजे तो पुन्हां मिटत नाहीं. कापाचा भाग तीन-चार इंच मातींत पुरून वर दगड ठेवावा. शेंडा बाहेर उभा राहूं द्यावा. वराहमिहिरानें फांदीपासून लावावयाच्या झाडांना शेणाचा लेप सांगितला आहे, तो कापावर लावला तरी चालतो. तीन महिन्यांत मुळें धरतात. कार्तिकांत दगड उचलून फांदी हलवून पाहावी. घट्ट बसली असेल तर मूळ झाडाच्या बाजूनें कापून, मातीच्या गोळ्यासकट कुंडींत आणावी. पहिले पंधरा दिवस सांवलींत, मग उन्हांत. फाल्गुनांत एखाद-दुसरी कळी दिसेल, ती खुडून टाकावी. रोपाला आधीं मुळें करूं द्यावींत. पहिल्या वर्षीं त्याला ताण देऊं नये.